फास्ट चार्जिंगने बॅटरी लवकर जाते का? आमच्या दोन फोनांनी घोळ घातलाय

तापीवारा (धागाकर्ता)

मंडळी, प्रश्न जुनाच आहे, पण आमच्या घरात त्यावरून दोन महिने वाद चाललाय, म्हणून धागा काढतोय.

दोन वर्षांपूर्वी दसऱ्याला मी आणि धाकट्या भावाने एकाच दुकानातून एकाच मॉडेलचे दोन फोन घेतले. फक्त रंग वेगळा. बॅटरी ५००० एमएएच, डब्यात ६७ वॅटचा चार्जर. मी जळगावात नोकरीला, तो यावल तालुक्यात केळीचा मळा बघतो. दुकानातल्या पोराने जाता जाता सांगितलं, "हा चार्जर वर्षभर मजा देतो, मग बॅटरी खातो." मी सोडून दिलं. धाकट्याने मनावर घेतलं. डब्यातला चार्जर आईच्या कपाटात साड्यांखाली गेला आणि त्याने जुन्या फोनचा १० वॅटचा चार्जर काढला. तेव्हापासून तो रोज रात्री फोन लावून झोपतो. मी सकाळी दाढी-आंघोळ होईपर्यंत ६७ वॅटवर लावतो आणि निघतो.

परवा तो घरी आला तेव्हा दोघांच्या सेटिंगमध्ये बॅटरी हेल्थ, म्हणजे नव्या बॅटरीच्या मानाने किती क्षमता उरली ते, उघडून बघितली. माझी ९० टक्के. त्याची ८१.

त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. दोन वर्षं जीव लावून हळूहळू चार्ज केलं त्याचं हे फळ? आई म्हणते, "त्याचा फोनच खोटा निघाला." मला तसं वाटत नाही. कोणी जाणकार आहे का इथे?

भुसावळ_लोको

फोन खोटा नाही भो, पत्रा खोटा आहे. भाऊ मळ्यात झोपतो ना? पत्र्याच्या खोलीत? मे महिन्यात आमच्याकडे पत्र्याखाली माणूस टिकत नाही, बॅटरी काय टिकेल.

तापीवारा

हो, पत्र्याचीच खोली आहे. शेतीची लाईट रात्रीची असली की मोटरीसाठी तिथेच झोपतो. पण तो म्हणतो रात्री गार होतं.

भुसावळ_लोको

त्याला गार वाटतं. खाटेवर तो असतो, फोन कुठे असतो ते बघा.

शेवभाजी_जादा_तर्री

मी दुकानदाराच्या बाजूने. फास्ट चार्जिंगने बॅटरी जाते हे शेंबडं पोरगंही सांगेल. फोन गरम होतो, हाताला लागतं. गरम झालं म्हणजे कुठेतरी जळतंय. आणि तसं नसतं तर सॅमसंगने वर्षानुवर्षं साध्या एस मॉडेलला २५ वॅटच का ठेवले? त्यांना ६७ वॅट जमत नाहीत का? तुमच्या भावाची बॅटरी नशिबाने गेली, एका फोनवरून नियम काढू नका.

अहिराणी_गडी

मना फोन ते चार्जिंगले लावा का तव्यासारखा तापस. आते मी काय करू? कळण्यानी भाकर शेकू का त्यावर?

गिरणाकाठ

मूळचा चाळीसगावचा, सध्या पुण्यात चार्जर आणि बॅटरी सर्किटचंच काम करतो. शेवभाजीभाऊ अर्धे बरोबर आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कापूस भरताना बघितलाय ना? गाडी रिकामी असते तेव्हा खालून गाठोडीच्या गाठोडी फेकली तरी चालतं, वरचा माणूस पायाने पसरवत जातो. गाडी पाऊण भरली की मात्र तुडवून तुडवून जागा करावी लागते. तिथे खालच्याने घाई केली तर कापूस आत जात नाही, कडेने सांडतो.

लिथियम बॅटरीत हेच होतं. चार्ज करताना लिथियमचे आयन ग्राफाइटच्या थरांमध्ये जाऊन बसतात. बॅटरी रिकामी असताना पटापट बसतात, म्हणून चार्जर सुरुवातीला भरपूर करंट देतो. व्होल्टेज वरच्या मर्यादेला टेकलं की करंट आपोआप कमी कमी होत जातो. पहिले ५० टक्के डोळ्यादेखत भरतात आणि शेवटचे दहा रांगतात ते यामुळेच. ६७ वॅट हा आकडा त्या पहिल्या काही मिनिटांचा. पूर्ण वेळ ६७ वॅट कुठलाच फोन घेत नाही.

मर्यादेपेक्षा जास्त घाई केली तर लिथियम थरात न शिरता वरच धातूच्या रूपात साचतं. तो सांडलेला कापूस. त्यातलं बरंचसं परत कामाला येत नाही. तेवढी क्षमता कायमची गेली. म्हणजे फास्ट चार्जिंग निरुपद्रवी आहे असं मी म्हणत नाही.

उष्णतेचंही गणित आहे. वेग दुप्पट केला की बॅटरीच्या आतल्या अडथळ्यामुळे उष्णता चौपट वेगाने तयार होते, वेळ निम्मा लागतो, म्हणजे एकूण उष्णता दुप्पट. म्हणून कंपन्या जुगाड करतात. कोणी एकाऐवजी दोन सेल एकामागे एक जोडतं, म्हणजे तेवढ्याच वॅटला प्रत्येक सेलमधून निम्माच करंट जातो. ओप्पोने २०१४ मध्ये व्हूक नावाचं आपलं फास्ट चार्जिंग आणलं तेव्हा व्होल्टेज सांभाळायचं काम फोनमधून काढून चार्जरमध्ये टाकलं. त्यांचा चार्जर तापतो, फोन कमी तापतो. शिवाय बॅटरीला चिकटवलेला तापमानाचा सेन्सर असतोच. जास्त तापली की फोन स्वतः करंट तोडतो.

आता धागाकर्त्याचा भाऊ. तो सांडलेला कापूस १० वॅटवर होतच नाही. ५००० एमएएच म्हणजे साधारण १९ वॅट-तास, १० वॅट म्हणजे ताशी अर्ध्या बॅटरीचा वेग. त्याची बॅटरी वेगाने गेलेली नाही, हे मी छातीठोक सांगतो. ती बसल्या जागी म्हातारी झाली. कशी ते जेवून येऊन लिहितो, बायको हाका मारतेय.

धुळ्याचा_पाना

ते जेवून येईपर्यंत माझंही ऐका. धुळ्यात रिपेअरिंगचं दुकान आहे, चौदा वर्षं काउंटरवर बसतोय. मला ते ग्राफाइट वगैरे कळत नाही, फुगलेली बॅटरी कळते.

मोजून ठेवलेलं नाही, पण एप्रिल ते जून फुगलेल्या बॅटऱ्या जास्त येतात यात शंका नाही. मागचं झाकण उचललं गेलेलं, फटीतून नख जाईल एवढी जागा, आणि लोक त्यावर रबर लावून आणतात. हो, भाजीच्या जुडीला लावतात ते रबर. वर विचारतात, दाबून बसवता येईल का? अरे बाबा, दाबू नको! आत गॅस आहे. टोचली, वाकली तर पेट घेते. मी टेबलाखाली वाळूचा डबा ठेवतो.

हे फोन कोणाचे? रिक्षावाल्यांचे, काचेमागे स्टँडला लावलेले. पार्सल पोचवणाऱ्या पोरांचे, गाडीच्या हँडलवर उन्हात, नकाशा चालू, खालून चार्जिंगची वायर. आणि चार्जिंगला लावून गेम खेळणाऱ्यांचे. फास्ट चार्जर घरात व्यवस्थित वापरणारा माणूस माझ्याकडे बॅटरीसाठी तिसऱ्या-चौथ्या वर्षी येतो. तो म्हणजे नेहमीचाच काळ.

आणि एक. दीडशे रुपयांचा चार्जर घेऊन त्याला फास्ट चार्जर म्हणू नका. वर ६५ वॅट छापलेलं असतं, फोडल्यावर आत कागद जास्त आणि तांबं कमी. त्याने बॅटरी जाण्याआधी पिन जळते.

शेवभाजी_जादा_तर्री

बरं, मग ६५ वॅटचा खरा चार्जर माझ्या १८ वॅटच्या फोनला लावला तर? जास्तीचं घुसणार नाही का?

धुळ्याचा_पाना

नाही. चार्जर ढकलत नाही, फोन मागतो तेवढं देतो. दोघं आधी आपसात बोलतात, जमलं नाही तर साध्या ५ व्होल्टवर येतात. विहिरीला दहाची मोटर बसवली म्हणून तुम्ही तांब्याभर पाणी पिणार तेवढंच पिणार.

मुक्ताईनगरची_माई

मला एक विचारायचं होतं, हसू नका. फोन तापला की मी पाच मिनिटं फ्रीजमध्ये ठेवते. नातू ओरडतो. त्याचं बरोबर की माझं?

धुळ्याचा_पाना

माई, नातवाचं. आंब्याची फोड फ्रीजमधून बाहेर काढली की तिला पाणी सुटतं ना, तसंच फोनच्या आत सुटतं. बॅटरी वाचेल, बोर्ड जाईल. कव्हर काढा आणि गार फरशीवर ठेवा, पुष्कळ झालं.

मुक्ताईनगरची_माई

माठाच्या तिवईशेजारी फरशी कायम गार असते. तिथे ठेवते आता. पाणी सांडलं तर मात्र तुमच्याकडेच येईन धुळ्याला.

गिरणाकाठ

आलो. कुठे होतो? हां, बसल्या जागी म्हातारी.

बॅटरी दोन प्रकारे झिजते. एक वापराने, म्हणजे चार्ज-डिस्चार्जच्या फेऱ्यांनी. दुसरी नुसत्या काळाने, काहीही न करता. आत ग्राफाइटवर एक पातळ थर असतो. तो हवाही असतो, पण दिवसागणिक जाड होत जातो आणि त्यात लिथियम अडकत जातं. हा थर दोन गोष्टींनी भराभर वाढतो: बॅटरी गरम असणं आणि बॅटरी पूर्ण भरलेली असणं. दोन्ही एकदम असलं तर विचारूच नका.

बॅटरी युनिव्हर्सिटी नावाच्या साइटवर एक तक्ता बरीच वर्षं आहे. लिथियम बॅटरी वर्षभर २५ अंशात ४० टक्के भरून ठेवली तर तिची ९६ टक्के क्षमता शिल्लक राहते, पूर्ण भरून ठेवली तर ८०. तेच ४० अंशात ठेवली तर ८५ आणि ६५. प्रत्येक सेलचा आकडा थोडा वेगळा येईल, पण कल बघा. यात चार्जरचा संबंधच नाही, नुसती ठेवलेली बॅटरी आहे.

आता भावाची रात्र. दहाला लावला, १० वॅटवर अडीच तासांत, म्हणजे साडेबारा-एकला भरला. तिथून सहापर्यंत पाच तास १०० टक्क्यांवर, ४.४ व्होल्टच्या आसपास, दिवसभर तापलेल्या खोलीत. अशा दोन वर्षांच्या रात्री. तुमचा फोन सकाळी भरतो, लगेच वापरात येतो, १०० वर अर्धा तासही थांबत नाही. तुम्ही नकळत शहाण्यासारखे वागलात, चार्जरमुळे नव्हे, आंघोळीमुळे.

शेवभाजी_जादा_तर्री

म्हणजे हळू चार्ज करणं उलट वाईट? हे काही पटत नाही.

गिरणाकाठ

तसं मी म्हटलेलंच नाही. दोघे एकाच गार खोलीत असते, दोघांच्या सवयी सारख्या असत्या, तर भावाचा फोन एखाद-दोन टक्क्यांनी पुढे असता असंच मी धरून चाललो असतो. घाईची किंमत असते, पण चांगल्या फोनमध्ये ती थोडी असते. उष्णतेची किंमत दणकून असते.

तुमच्या सॅमसंगच्या मुद्द्याचं उत्तर: ५००० एमएएचला २० वॅट म्हणजे साधारण तासाला एक बॅटरी. सेलला तो वेग सहज झेपतो, म्हणून २५ वॅट हा बिनधोक आकडा. ज्यांना ६७, ८०, १२० द्यायचे आहेत त्यांना दोन सेल, वेगळी वायर, जास्त सेन्सर असा खर्च करावा लागतो. सावधपणा म्हणा की कंजूषपणा म्हणा, ज्याचा त्याचा हिशेब.

आयुष्याचे आकडे बघायचे तर ॲपल आयफोन १४ पर्यंतच्या बॅटरीला ५०० फेऱ्यांनंतर ८० टक्के सांगते, १५ पासून १००० फेऱ्यांनंतर. युरोपात २० जून २०२५ पासून नियमच आहे, ८०० फेऱ्यांनंतर ८० टक्के क्षमता राहिली पाहिजे. मात्र कंपन्यांच्या प्रयोगशाळा एसीत असतात. आणि हीच ॲपल लिहिते की भोवतालचं तापमान ३५ अंशांवर गेलं तर क्षमता कायमची कमी होऊ शकते. जळगाव-भुसावळला मार्च ते जून सावलीतसुद्धा ३५ च्या खाली दिवस शोधावा लागतो.

अहिराणी_गडी

३५? आमनाकडे ते ३५ ले लोके स्वेटर काढतस!

सातपुड्याआड

धडगावकडे शाळेवर आहे. आमचा त्रास उलटा. डिसेंबर-जानेवारीत पहाटे फोन चार्जिंगला लावला तर टक्के हलतच नाहीत. तोरणमाळला तर विचारू नका. थंडीत बॅटरी चांगली राहते ना? मग हे काय?

गिरणाकाठ

गुरुजी, ठेवायला थंडी चांगली, भरायला वाईट. गारठ्यात आयन थरात शिरायला आळस करतात आणि तो सांडलेला कापूस इथे सर्वांत जास्त होतो. शून्याच्या आसपास तर फार. म्हणून फोन स्वतःच करंट कमी करतो. पांघरुणातून काढून दहा मिनिटं खिशात ठेवा, मग लावा. चुलीजवळ मात्र नको.

सातपुड्याआड

चुलीजवळच ठेवत होतो. बरं झालं विचारलं.

शेवभाजी_जादा_तर्री

शेवटचं विचारतो. आमच्या गावात व्होल्टेज संध्याकाळी १६० वर येतं. त्याने? आणि बॅटरी पूर्ण संपवूनच चार्ज करावी हे खरं का?

धुळ्याचा_पाना

चार्जरवर बारीक अक्षरात १००-२४० लिहिलेलं असतं, १६० ला त्याला काही होत नाही. लाईट जाऊन परत येताना जो झटका येतो त्याने चार्जर जातो, बॅटरी नाही. आणि संपवून चार्ज करायचं ते निकेल-कॅडमियमच्या बॅटऱ्या होत्या त्या जुन्या काळातलं. दुकानात अजून सांगतात, "पहिल्यांदा आठ तास लावा." मीही सांगायचो, खोटं कशाला बोलू.

तापीवारा

मंडळी, रविवारी मळ्यात जाऊन आलो. भुसावळ_लोको यांना दंडवत, कारण फोन कुठे असतो ते बघा असं त्यांनीच सांगितलं होतं.

खोलीत प्लग एकच आहे, मोटरीच्या स्टार्टरच्या पेटीशेजारी. फोन त्या लोखंडी पेटीवर ठेवतो. मोटर चालू असली की पेटी कोमट होते. वर हातभर अंतरावर पत्रा. फोनला जाड रबरी कव्हर, आणि कव्हरच्या आत ५०० ची एक नोट, खताची पावती आणि देवाचा छोटा फोटो. मी विचारलं, हे काय? म्हणे, "नोट अडीअडचणीला."

बॅटरीचं तापमान दाखवणारं ॲप टाकलं. रात्री साडेनऊला, चार्जिंगला लावायच्या आधीच ४१ अंश. लावल्यावर अर्ध्या तासाने ४४. तेच माझ्या घरी ६७ वॅटवर सकाळी फरशीवर ठेवून बघितलं, सर्वांत जास्त ३९ गेलं, आणि ते सात-आठ मिनिटंच.

त्याच्या फोनमध्ये ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय होती, दोन वर्षं कोणी उघडून बघितली नव्हती. ती चालू केली. पण ८० टक्के त्याला दिवसभर पुरत नाहीत, व्यापाऱ्यांचे फोन, केळीचे भाव, मोटरीचा मोबाईल स्टार्टर, सगळं त्याच फोनवर.

गिरणाकाठ

मग ८० चा आग्रह धरू नका. लागत असेल तेव्हा १०० करू द्या. रात्रभर त्या पेटीवर १०० वर ठेवू नका एवढंच. पहाटे मोटर बंद करायला उठतो तेव्हा लावला तर? तेव्हा खोली त्यातल्या त्यात गार असते.

तापीवारा

तेच ठरलं. पण पहाटे उठल्यावर त्याच्याकडे जेमतेम अर्धा-पाऊण तास असतो, तेवढ्यात १० वॅटवर काय होणार? शेवटी आईच्या कपाटातून साड्यांखालचा ६७ वॅटचा चार्जर निघाला. दोन वर्षांनी. अजून त्यावरचं प्लॅस्टिकही काढलेलं नव्हतं.

भुसावळ_लोको

आणि दुकानातलं ते पोरगं?

तापीवारा

त्याच्याकडेच गेलो होतो, लांब वायर घ्यायला, म्हणजे फोन पेटीवरून उतरून खाली जमिनीवर येईल. त्याने धाकट्याच्या हातातला चार्जर बघितला आणि म्हणाला, "भाऊ, हा वापरू नका, बॅटरी खातो." धाकटा माझ्याकडे बघून हसला आणि म्हणाला, "वायर दे फक्त."